आल्या-आल्या कापसात

फुईचा उजवा हात मोरीत घसरून मोडला, आणि भाकरी थापायला कोणीतरी हवं म्हणून मला असोद्याहून धुळ्याच्या देवपुरात पाठवलं. फुई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. फुईचं प्लास्टर सव्वा महिन्यात निघालं, मी मात्र तीन वर्षं राहिले. हात बरा झाल्यावर फुईच्या लक्षात आलं की भाकरी आयती मिळाली की जास्त गोड लागते, एवढंच त्याचं कारण. घरून कोणी न्यायला आलं की ती प्लास्टर नसलेला हात गळ्यात बांधून बसायची.

त्या वयात मी बोलत नसे. मुकी नव्हते, फुईशी दिवसभर बडबड चालायची. पण पुरुष माणूस किंवा परकं कोणी समोर आलं की शब्द घशातच बसायचे. फुवांशीसुद्धा मी सरळ बोलत नव्हते. भाकर वाढू का, हे मी फुईला विचारायचे, फुई फुवांना विचारायची, फुवा फुईला 'अर्धी' म्हणायचे आणि फुई मला 'अर्धी' सांगायची. तिघंही एकाच चटईवर बसलेलो असायचो. फुवांनी कधी यावर तक्रार केली नाही. ते साप सांभाळणारे होते, उत्तर न देणाऱ्यांची त्यांना सवय होती.

घर दोन खोल्यांचं, वर पत्रे. उन्हाळ्यात ते पत्रे दुपारी टण टण वाजायचे, जणू कोणी वरून खडे टाकतंय. मागे छोटं अंगण, मोरीच्या पाण्यावर लावलेली एक केळ, आणि कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडे अक्का राहायची. अक्का सुईण होती. आता दवाखाने झाल्यामुळे तिला कोणी बोलवत नसे, पण ती कोणाच्याही पोटाकडे बघून दिवस सांगायची. फुवांच्या पोटाकडे बघूनही एकदा सांगितले होते. तिची बोली धुळ्याकडची अहिराणी, आमची असोद्याची वेगळी. आम्ही ळ चा य करतो, ती 'आहे' ला 'शे' म्हणते. पहिल्या आठवड्यात ती भिंतीवरून 'आते, आते' करायची आणि मी धावत जाऊन फुईला उठवून आणायचे, की तुला आते म्हणून हाक मारताहेत. चार वेळा उठवल्यावर फुईने मला सांगितलं की अहिराणीत 'आते' म्हणजे 'आता'. तिला कोणी बोलवत नव्हतं. तिची चारही वेळा झोपमोड झाली ती माझ्यामुळे.

फुवा कॉलेजात शिपाई होते. आधी त्यांच्याकडे घंटा होती. पण फुवांना वेळेचं काही कळत नसे. एकदा दुसऱ्याच तासाला त्यांनी सुट्टीची घंटा दिली आणि अख्खं कॉलेज घरी गेलं, त्यात दोन प्राध्यापकही होते. तेव्हा त्यांना उचलून सर्पखोलीत टाकलं. वनखात्याची परवानगी घेऊन प्राणिशास्त्राच्या सरांनी काही साप ठेवले होते, मुलांना शिकवायला. फुवांना ही शिक्षा म्हणून दिली होती, पण त्यांना ती बढतीहून जास्त आवडली. सापांना वेळ पाळायची नसते. जेवताना फुवा सापांच्या बातम्या सांगायचे, नातेवाइकांच्या सांगाव्यात तशा. "आज धामणीनं कात टाकली. शेपटापर्यंत सलग. कुठी फाटली नाही." यावर फुई म्हणायची, "माह्या हाताचं पलस्तर निंघालं, ते काही कोनाले दिसलं नाही." शेवेच्या भाजीचा रस्सा भाकरीवर ओतता ओतता मी ऐकत असे. फुवांच्या अंगाला उंदरांचा वास यायचा, म्हणून मोरीत दोन बादल्या अंगावर घेतल्याशिवाय फुई त्यांना चटईवर बसू देत नसे.

त्या सापांत एक मांडुळीण होती. मांडूळ म्हणजे तो मातकट, जाडसर, शांत साप, ज्याचं शेपूट तोंडासारखंच बोथट असतं. लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. तो विषारी नाही, आणि अंडी घालत नाही, पिल्लंच देतो. हे मला तिथंच कळलं. आदल्या वर्षी तिची पिल्लं वेळेआधी झाली होती आणि एकही जगलं नव्हतं. आता पुन्हा ती भरलेली होती, पावसाळ्यात होईल असा अंदाज होता. उन्हाळ्याची सुट्टी लागली, आणि सर गावी जाण्याआधी फुवांना म्हणाले, की यंदाही पिल्लं गेली तर मी सर्पखोली बंद करतो, साप जंगलात सोडून देतो, जिवांचे हाल करण्यात अर्थ नाही. आणि तुम्ही परत घंटेवर जा.

त्या दिवशी फुवा जेवले नाहीत. अर्धीसुद्धा नाही. घंटेच्या नुसत्या आठवणीने त्यांचा उजवा हात थरथरायचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी मांडुळिणीची पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि पांझरेच्या पुलावरून घरी आणली. कॉलेजच्या सर्पखोलीवरचे पत्रे फार तापतात म्हणून ती घरी न्यायला सरांनीच सांगितलं होतं. आमच्याही घरावर पत्रेच होते, हे सरांना माहीत नव्हतं, आणि फुवांना सुचलं नाही. पेटी लाकडाची, पुढे काच, आत वाळू. फुईने ती माठाशेजारी गार जागेत ठेवू दिली, पण एक अट घातली, की बायंतीन होईपर्यंत तिच्यासमोर कोणी शिव्या द्यायच्या नाहीत. फुवा आयुष्यात कधी शिवी देत नसत. ती अट तिने स्वतःलाच घातली होती, आणि दोन दिवसांत मोडली.

पेटीच्या झाकणावर सरांची चिठ्ठी चिकटवलेली होती. पिल्लं वेळेआधी झाली तर काय करायचं ते त्यात लिहिलं होतं. फुवांनी ती लांब धरली, जवळ धरली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सुमे, तू चौथी शिकेल आहेस. वाच बरं मोठ्यानं." मी फुईला वाचून दाखवली, फुवा शेजारी बसून ऐकत होते. सरांचं अक्षर म्हणजे मुंगळे शाईत बुडवून कागदावर सोडल्यासारखं. तरी मी एकेक अक्षर धरून वाचलं. हात लावू नये. नाळ तोडू नये, आपोआप गळते. कात टाकेपर्यंत खायला देऊ नये. आणि सगळ्यात वर, खाली रेघ मारून: पिल्लं आल्या कापसात ठेवावी.

"आल्या कापसात म्हणजे?" फुई म्हणाली.

"आल्या-आल्या कापसात," मी म्हणाले. "एक आल्या लिहायचं राहिलं असंन सरांचं."

कोणालाही शंका आली नाही. मला तर मुळीच नाही, कारण मी स्वतः सातमाशी. सातव्या महिन्यात झाले तेव्हा मला म्हणे हातात धरता येत नव्हतं, म्हणून घरच्या कापसात गुंडाळून केळीच्या टोपलीत ठेवलं होतं. चुलीपासून चार हात अंतरावर. दूध वातीनं पाजायचे. गावात अशी बरीच पोरं कापसातून निघाली आहेत आणि आज ट्रॅक्टर चालवतात. तेव्हा अपुऱ्या दिवसांचं पोर आणि कापूस हे आमच्या डोक्यात एकाच गाठीत बांधलेलं. सर एवढे शिकलेले, त्यांनाही शेवटी हेच ठाऊक, याचा फुईला फार अभिमान वाटला. तिने असोद्याहून आणलेल्या उशीची शिवण उसवली. आम्ही दोघींनी बसून सरकी वेचली, कापूस पिंजला, आणि पितळेच्या डब्यात असा मऊ भरला की मलाच त्यात झोपावंसं वाटलं. त्या उन्हाळ्यात फुवा उशीविना झोपले.

आठच दिवसांनी ते झालं. भर दुपार होती. फुवा कॉलेजात बाकीच्या सापांना पाणी पाजायला गेले होते. मी अंगणात चुलीवर बिबड्यांचं पीठ हाटत होते. बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, ते कडक उन्हातच घालावे लागतात. फुईची आरोळी आली. "सुमेऽ! बसली व माय, मोकयी व्हायले बसली!"

काचेतून बघितलं तर वाळूवर एक पिवळा गोळा पडला होता, आणि मांडुळीण अंग आवळत होती. अजून महिना-दीड महिना बाकी होता. फुई भिंतीशी गेली आणि अक्काला हाका मारू लागली. अक्का आली, भिंतीपर्यंत. अर्धं देवपूर तिच्या हातावर जन्मलेलं, पण सापाला ती इतकी भ्यायची की सापाचं नावही घेत नसे, 'लांबडं' म्हणायची. ती तिच्या अंगणातल्या खाटेवर उभी राहिली, पदर डोळ्यांवर ओढून घेतला आणि तिथून बाळंतपण करू लागली.

"काय व्हयनं? डोकं पहिलं उनं का पाय?"

"अक्का, पाय नसतात तिले," फुई म्हणाली.

"मंग कोनतं तोंड शे ते तरी दख!"

हे खरंच सांगता येत नव्हतं. एकेक पिल्लू पातळ पडद्यात गुंडाळलेलं येत होतं, पेन्सिलीएवढं, लालसर, ओलंचिंब. पोटाला नाळ आणि तिच्या टोकाला पिवळा बलक. सुरुवातीचे दोन गोळे नुसतेच होते, त्यात काही नव्हतं. मग सहा पिल्लं. अक्का मोजत होती आणि दर पिल्लाला "पोऱ्या का पोर?" विचारत होती. फुईने तीन पोरं आणि तीन पोरी असं ठोकून दिलं. सहावं झाल्यावर मांडुळीण सरकत पेटीच्या कोपऱ्यात गेली आणि वाळूत घुसून झोपली. पिल्लांकडे तिने बघितलंही नाही. अक्काला ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, अशा बायका तिने माणसांतही पाहिल्या आहेत.

मग मी चिठ्ठीबरहुकूम केलं. हात लावू नये म्हणून दोन चमच्यांनी एकेक पिल्लू उचललं आणि आल्या-आल्या कापसात ठेवलं. वरून थोडा कापूस पांघरला. डबा दाराच्या सावलीत ठेवला. फुईने कुंकू लावायला बोट पुढे केलं, मी तिचा हात धरला.

बिबड्यांचं पीठ संपवून मी परत आले तर डब्यात साप नव्हते. वाती होत्या. सहा वाती, पिंजलेल्या, पांढऱ्या, निरांजनात घालायच्या तशा. त्यांतली एक हळूच वळवळली तेव्हा माझ्या लक्षात आलं. कापूस ओल्या अंगाला चिकटला होता, सगळी ओल त्याने पिऊन टाकली होती, आणि पडदा कातडीवर वाळून बसला होता. नाळेभोवती तर कापसाची गाठच झाली होती. देवपुरातली ती दुपार, नुसता हात बाहेर काढला तरी भाजावा अशी. त्यात मी त्यांना गरम कापसात घातलं होतं.

फुई ओरडायला लागली. अक्काने भिंतीवरून विचारलं, "बठ्ठा जित्ता शेतस का?" म्हणजे सगळी जिवंत आहेत का. मी आयुष्यात पहिल्यांदा तिला सरळ उत्तर दिलं, "माहीत नाही." तेव्हा पदराआडून अक्का म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम सुईणीचा झाला, "रडू नको. पानी कोमट कर. ओढजो नको काही. पानीमाच भिजू दे, मंग कापूस सुटी." एवढं सांगून ती किंचाळली, कारण फुईने एक पिल्लू दाखवायला वर धरलं होतं आणि पदर पातळ होता.

हाताशी भाकरीची परात होती. तीत मी कोमट पाणी घेतलं आणि पिल्लं सोडली. नाकं वर राहतील एवढंच पाणी. एकेक तंतू सुईच्या टोकाने सोडवत बसले. फुई शेजारी बसून "माही परात, माही परात" करत होती, पण पाणी गार झालं की तीच बदलून देत होती. पाच पिल्लं हळूहळू साप झाली. सहावं झालं नाही. त्याला मी अंगणात पुरलं तेव्हा फुईने परातीबद्दल बोलणं थांबवलं. पुढे त्या परातीत वर्षभर कोणी पीठ मळलं नाही. आता ती माझ्याकडे आहे आणि मी तीत पापडाचं पीठ मळते, पण घरात कोणाला हे सांगितलेलं नाही.

हात मोकळे झाल्यावर मी चिठ्ठी पुन्हा काढली आणि या वेळी उन्हात धरली. आ च्या डोक्यावर एक बारीकशी मात्रा होती, मुंगळ्याच्या पायाएवढी. म्हणजे आ नव्हता, ओ होता. आणि जो मला स वाटला होता तो ड होता. ओल्या कापडात. पिल्लं ओल्या कापडात ठेवावी. मग चिठ्ठीची घडी केली आणि झंपरात खोचली. कोणाला काही बोलले नाही. फुवांशी बोलायची सवयच नव्हती, त्यामुळे लपवायला वेगळं काही करावं लागलं नाही.

फुवा आले. पाच पिल्लं आणि परात बघून खाली बसले. "कापसात ठेवली होती ना?" एवढंच म्हणाले. फुई म्हणाली, "आल्या-आल्या." फुवांनी मान हलवली आणि उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला.

मी फुईचं जुनं लुगडं भिजवून त्यात पिल्लं ठेवली. पण आमच्याकडच्या उन्हाळ्यात लुगडं भिजवून टाका आणि एक भाकर भाजा, तोवर ते पापड होतं. दर घटकेला पुन्हा भिजवायचं म्हणजे पिल्लांना हलवायचं, आणि हात लावू नये असंही लिहिलेलं. नाळा अजून गळल्या नव्हत्या. एकाची कापडाला चिकटायलाच लागली होती. ओल तर हवी, पण अशी की जी आपल्याला टाकावी लागणार नाही. मोरीकडे बघत मी हा विचार करत होते आणि मोरीशेजारी ती केळ उभी होती.

आमच्या केळीच्या बागेत मी लहानाची मोठी झाले. केळीच्या खोडाला लाकूड नसतं, नुसती एकावर एक सालपटं. त्यांना आम्ही सोपट म्हणतो. आत जाळीसारखी घरं आणि प्रत्येक घरात पाणी. खायची पानं, गजऱ्याची फुलं सोपटात बांधली की दोन दिवस कोमेजत नाहीत. मी विळा घेतला. त्या केळीला नुकतंच कमळ आलं होतं, म्हणजे फुलाचा तो लाल कोंब, आणि फुई दोन वर्षं त्या घडाची वाट बघत होती. गल्लीत तिने घडाची वाटणीसुद्धा जाहीर केली होती. मी कोणाला विचारलं नाही. बाहेरची दोन सोपटं काढून भागलं असतं, हे मला आज कळतं. त्या दिवशी मी केळ आडवी केली.

"माही केय!" फुईचा आवाज पांझरेपलीकडे गेला असेल. "अव, ह्या पोरीनं माही केय कापली व!"

"आते व्हई गयं," अक्का भिंतीवरून म्हणाली. "कमळनी भाजी कर."

चीक धुऊन काढून मी आतली कोवळी सोपटं अर्ध्या नळीसारखी माठाखालच्या ओल्या वाळूवर मांडली, त्यात पिल्लं ठेवली आणि वर दुसरं सोपट पालथं घातलं. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा सोपट बदलायचं, पिल्लं आपणहून एकातून दुसऱ्यात सरकायची. खोड चांगलं जाड होतं, पुरलं. तीन दिवसांत नाळा सुकून गळाल्या. माझ्या पोलक्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग पडले ते कधीच निघाले नाहीत. आणि कमळाची भाजी फुईने खरंच केली, शेंगदाण्याचा कूट घालून. रडत रडत दोनदा वाढून घेतली.

पाचव्या दिवशी तिने पाचवी पुजली. सटवाई येऊन नशीब लिहिते म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवलं. अक्का पूजेला हजर होती, भिंतीपलीकडून, फक्त हात अलीकडे. तिनेच शंका काढली, की सटवाई कपाळावर लिहिते, पण ह्यांना दोन्हीकडून कपाळच, ती कुठं लिहिणार? बराच खल झाला. फुवा म्हणाले की दोन्हीकडे लिहावं लागेल. फुई म्हणाली, मग शाई जास्त लागेल, आणि अजून एक पेन ठेवलं. आता माझी नात मोबाइलवर सापांच्या चित्रफिती बघते. परदेशात म्हणे यंत्रं आहेत, आत ऊब आणि ओल मोजून ठेवतात. मी तिला सोपटाचं सांगितलं तर तिने माझ्याकडे असं बघितलं की पाचवीचं मी सांगितलंच नाही.

नवव्या दिवशी दोन पिल्लांनी कात टाकली आणि बाकीच्यांचे डोळे दुधाळ झाले, म्हणजे तीही टाकणार. फुवा ती इवलीशी कात तळहातावर घेऊन गल्लीभर फिरले. दोन दिवसांनी पाचही पिल्लांची कात टाकून झाली. आणि त्याच सकाळी सर गावाहून आले, सरळ गाडीतून उतरून, हातात पिशवी. फुवांनी सोपट उचललं. सर उकिडवे बसले आणि बोटाने मोजू लागले. पाच पिल्लं, नारंगी, शेपटीवर काळे पट्टे, नुकतं तेल लावल्यासारखी. मग त्यांनी पिशवीतून जाड वही काढली.

"काय काय केलंत? पहिल्यापासून सांगा. हे लिहून ठेवलं पाहिजे. दुसऱ्या कॉलेजांनाही पाठवतो."

मी दाराआड होते. फुवा ताठ उभे राहिले. "तुम्ही चिठ्ठीत लिहेल होतं तसंच, सर. आल्या-आल्या कापसात ठेवली."

सर थांबले. "कापसात? मी लिहिलं?"

"हो ना. सगळ्यात वर. रेघ मारून."

"असेल," सर म्हणाले. "कुठल्यातरी पुस्तकात वाचलं असेन." आणि लिहू लागले. जन्मताच कापसात ठेवावे.

"असोद्याचा कापूस," फुई म्हणाली. "सरकी काढेल."

सरांनी 'सरकी काढलेला' लिहिलं.

मी फुईचा पदर ओढला. तिच्या कानात म्हणाले, कापूस नको लिहू दे. "उगी राह्य," ती म्हणाली, "सर खूश आहेत." मी पुन्हा ओढला. तिने पदर सोडवून घेतला. एकवेळ माझं चुकलं ते कोणाला कळलं नाही म्हणून मी गप्प बसले असते, तोवर बसलेच होते. पण वही दुसऱ्या कॉलेजांत जाणार होती. पुढच्या वर्षी हीच मांडुळीण पुन्हा भरणार, आणि फुई पुन्हा उशी उसवणार. त्या सहा वाती माझ्या डोळ्यांसमोर आल्या, आणि मी दाराबाहेर आले.

"खोडा," मी म्हणाले. परक्यांपुढे वापर नसल्यामुळे मला माझ्या आवाजाचं माप ठाऊक नव्हतं, तो भलताच मोठा निघाला. शेजारची शेळी उठून उभी राहिली. "कापूस खोडा. कापसानंच एक मेलं. मी चुकीचं वाचलं होतं. चिठ्ठीत ओल्या कापडात आहे."

फुवांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू पेटीतली मांडुळीण बोलली होती. मी चिठ्ठी काढून सरांपुढे धरली. सरांनी ती जवळ धरली. लांब धरली. उन्हात धरली.

"हे तर कापसातच दिसतंय," ते म्हणाले. "आल्या... आल्या कापसात. बरोबर वाचलंस की. मीच लिहिलंय."

"नाही सर," मी म्हणाले. "तुमचं अक्षर वाईट आहे."

फुईने डोळे मिटून घेतले. फुवांनी दाराची चौकट धरली. मी काय बोलले ते मला त्यानंतर ऐकू आलं. मग भिंतीवरून, डोळ्यांवर पदर तसाच ठेवून, अक्का म्हणाली, "काय शे? वाईट शे का? मंग सांगायलेच पाहिजे."

सरांचे कान लाल झाले. त्यांनी वहीतली ओळ खोडली, एकदा नाही, दोनदा, 'सरकी काढलेला' सकट. मग मांडी घालून बसले आणि मला म्हणाले, "केळीचं तू सांग. सावकाश. मी सावकाश लिहितो." मी सांगत गेले. फुई नाही, फुवा नाही, मधे कोणी नाही. ते लिहायचे आणि वही माझ्याकडे वळवायचे. 'सोपट' तीनदा लिहून घ्यावं लागलं, ट चा ढ होत होता. उठताना ते फुवांना म्हणाले, "घंटेला माणूस बघतो मी दुसरा," आणि फुवांचा हात जो थांबला तो कायमचा थांबला.

त्यानंतर दोन वर्षं सरांच्या चिठ्ठ्या येत राहिल्या. पहिलीच्या पाटीवर असावं तसं मोठं, सुटं अक्षर, मात्रा तर काडीएवढ्या. प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी एक प्रश्न असायचा, 'वाचता येतं का?' आणि खाली मोकळी जागा. तिथं मी 'हो' लिहून फुवांच्या हाती परत पाठवायचे. एकदा फक्त 'नाही' लिहिलं. अक्षर चांगलं होतं. तरी लिहिलं, 'नाही' म्हणता येतं म्हणून.